शमादाने कोणाची?

गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक चित्रपट दाखविण्यात आला. भिंतीवर पांढरी चादर, मांडववाल्याकडून आणलेल्या खुर्च्या आणि तरुण मंडळाने कोणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, एवढीच सामग्री. चित्रपट होता 'ले मिझेराब्ल'. व्हिक्टर ह्यूगो यांच्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेल्या गीतनाट्याचे टॉम हूपर यांनी २०१२ साली केलेले चित्ररूप. सोलापुरातल्या मार्च महिन्याच्या उकाड्यात बायकापोरांसह दीडशे माणसे अडीच तासांहून अधिक वेळ बसून राहिली आणि अखेरीस अनेकांनी डोळे पुसले. त्यांत मीही होतो.

नंतर फादरांनी चर्चेस आवाहन केले. कोणी त्या काळच्या पोशाखांची वाखाणणी केली, कोणी प्रारंभीच्या त्या प्रचंड जहाजाची, कोणी पॅरिसच्या गल्ल्यांची. सारे कसे हुबेहूब उभे केले आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. मग मागच्या रांगेतून निवृत्त शिक्षिका असलेल्या एक वृद्ध बाई उठल्या आणि म्हणाल्या, "फादर, बिशप पोलिसांशी खोटे बोलले ना? मग आठव्या आज्ञेचे काय?"

सभागृहात हशा पिकला. रात्र झाली होती, मुले पेंगुळली होती; प्रश्न तसाच राहिला. पण काही प्रश्न घरी पोहोचल्यावरही माणसाची पाठ सोडत नाहीत. हा त्यांपैकी एक. त्याचे उत्तर शोधता शोधता मी निराळ्याच ठिकाणी जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. भाकरीच्या चोरीपायी जाँ व्हालजाँ तुरुंगात जातो. शिक्षा पाच वर्षांची. पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती एकोणीस वर्षांची होते. १८१५ साली तो सुटतो तेव्हा त्याच्या हाती पिवळा दाखला असतो. तो दाखवला की खाणावळीचे दार बंद होते, धर्मशाळेचे दार बंद होते. दीन्य गावात एकच दार उघडे असते, ते बिशप मिरिएल यांचे. बिशप त्याला जेवू घालतात, पाहुण्यासारखा वागवतात. रात्री तो त्यांची चांदीची भांडी घेऊन पळतो. सकाळी शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हा बिशप म्हणतात की ही भांडी मीच याला दिली, आणि शमादानेही दिली होती, ती हा विसरून गेला. मग ती दोन चांदीची शमादानेही ते त्याच्या हाती ठेवतात.

हे असत्य भाषण नव्हे काय? संत ऑगस्टीन आणि संत थॉमस आक्वायनस या दोघांनीही, हेतू कितीही चांगला असला तरी असत्य हे पापच, असे मानले आहे. म्हणजे बाईंची शंका पोरकट नव्हती. ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांनी ज्या शंकेचा विचार केला तीच ती होती.

उत्तर मला मूळ कादंबरीत सापडले. आम्ही पाहिलेल्या चित्रपटात ते नव्हते. शिपाई येण्यापूर्वी, चोरी उघडकीस आल्यावर, घरातली वृद्ध सेविका आक्रोश करते. त्यावर बिशप तिला शांतपणे विचारतात, की मुळात ती चांदी आपली होती का? ती गोरगरिबांची होती. इतकी वर्षे मीच ती अन्यायाने अडकवून ठेवली होती. आणि तो मनुष्य कोण होता? उघडच एक गरीब. एवढे बोलून ते न्याहारीला बसतात.

या चार वाक्यांनी सारा प्रसंग पालटतो. शिपाई दारात येतात तेव्हा बिशपांच्या मनाने त्या चांदीवरचा आपला हक्क आधीच सोडलेला असतो. वस्तू ज्याची त्याच्याकडे गेली आहे. "मी दिली" हे त्यांचे बोलणे चोराला वाचविण्यासाठी रचलेली थाप नव्हे. दान पूर्ण करणारा तो अखेरचा शब्द आहे. व्याकरणात थोडी ओढाताण झाली असेल, पण न्यायात नाही. ज्या संत थॉमस यांनी असत्याला सूट दिली नाही, त्यांनीच असेही लिहून ठेवले आहे की प्राणांतिक गरजेपोटी परक्याचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही. कारण पृथ्वीवरची संपत्ती प्रथम सर्वांसाठी आहे आणि मग एकेकाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हीच शिकवण पुन्हा मांडली.

हे संभाषण गाळले की काय उरते? एक दयाळू, भाबडा म्हातारा आणि एक डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग. न्यायाची गोष्ट दयेची होते. प्रेक्षक बिशपांच्या मोठ्या मनाचे कौतुक करीत घरी जातो. आपल्या घरातली चांदी कोणाची, हा प्रश्न त्याला कोणी विचारीतच नाही. वस्तुतः कादंबरीत हेच बिशप गावात येताच आपला प्रशस्त वाडा शेजारच्या कोंदट रुग्णालयाला देऊन टाकतात. तिथे सव्वीस आजारी माणसे पाचसहा छोट्या खोल्यांत, आणि इथे तीन माणसांसाठी साठांची जागा. यात काहीतरी चूक झाली असली पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब असतो. पंधरा हजार फ्रँकच्या वार्षिक वेतनातले एक हजारच ते स्वतःच्या घरासाठी ठेवतात. चांदीची भांडी तेवढी मागे राहिलेली असतात. व्हालजाँ येतो आणि तीही सुटतात.

थोर कादंबरीचा चित्रपट करणाऱ्यापुढे निष्ठेचा प्रश्न उभा राहतो. निष्ठा कशाशी? कोटाच्या गुंड्यांशी, घोडागाडीच्या चाकांशी, की कथेच्या प्राणाशी? रेमों बेर्नार यांनी १९३४ साली फ्रान्समध्येच या कादंबरीचा तीन भागांचा, जवळजवळ पाच तासांचा चित्रपट काढला. आपल्या देशातील कलावंतांनी मात्र निराळा मार्ग धरला. १९५० साली तमिळमध्ये 'एळै पडुम पाडु' निघाला. गरिबाचे हाल, असा त्या नावाचा अर्थ. त्यात पोलीस अधिकारी जाव्हेर याची भूमिका करणारे सीतारामन पुढे आयुष्यभर 'जावर' सीतारामन म्हणूनच ओळखले गेले. पाठोपाठ मुंबईत मिनर्व्हा मुव्हीटोनच्या सोहराब मोदी यांनी १९५५ साली 'कुंदन' काढला. पोशाखी, ऐतिहासिक चित्रपटांत मोदींचा हातखंडा होता. 'पुकार', 'सिकंदर', 'झाँसी की रानी' यांतले दरबार आणि सैन्ये त्यांचीच. आदल्याच वर्षीच्या त्यांच्या 'मिर्झा गालिब'ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले होते. वैभवाची एवढी सवय असलेल्या या दिग्दर्शकाने ह्यूगोची कथा मात्र फ्रान्सच्या वेशात ठेवली नाही; ती हिंदुस्थानच्या मातीत आणली. आणि स्वतःसाठी भूमिका निवडली ती पोलिसाची. दयाळू नायकाची नव्हे, कायद्याचे बोट धरून माणसाचा पाठलाग करणाऱ्याची. यामागे त्यांचा हेतू काय होता हे मी सांगू शकत नाही. पण ही निवड मला विचार करण्यासारखी वाटते.

पोशाखी चित्रपट वाईट असतो असे मला म्हणावयाचे नाही. ह्यूगो यांची कादंबरी प्रसिद्ध झाली १८६२ साली. तिच्यातला काळ १८१५ ते १८३३ चा. म्हणजे त्यांच्या वाचकांनाही ती मागच्या पिढीचीच गोष्ट होती. पण प्रस्तावनेतच त्यांनी स्पष्ट केले की कायदा आणि रूढी मिळून माणसांना नरकात लोटत आहेत तोवर अशी पुस्तके निरुपयोगी ठरणार नाहीत. त्यांनी काल उभा केला तो आजकडे बोट दाखविण्यासाठी. आपल्याकडेही हे घडले आहे. १९३५ साली प्रभात कंपनीने संत एकनाथांवर चित्रपट काढला. गोष्ट सोळाव्या शतकातली, पण अस्पृश्यांच्या पंगतीला बसणारे एकनाथ पडद्यावर येताच सरकारी परीक्षकांना ती आजची वाटली. 'महात्मा' हे नाव त्यांनी चालू दिले नाही. ते 'धर्मात्मा' करावे लागले. चित्रपटातले पागोटे जुने असले तरी दुखणे ताजे आहे, हे परीक्षकांनी अचूक ओळखले होते.

धोका असतो तो प्रेक्षकाला. जुन्या कपड्यांतले क्रौर्य आपल्याला सुरक्षित वाटते. ते दूरच्या देशातले, गेल्या काळातले, संपलेले असते. त्यावर रडायला काही मोल पडत नाही. ख्रिस्तसभेलाही हे चुकले नाही. ज्या कादंबरीने जगाला इतका सुंदर बिशप दिला, ती १८६४ साली निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली आणि १९५९ पर्यंत तिथेच राहिली. दीन्य येथे खरोखर होऊन गेलेले बिशप मिओलिस यांच्यावरून ह्यूगोने मिरिएल रंगविले होते, आणि तरीही आरसा समोर धरलेला आपल्याला सोसला नाही. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. आपल्या घरातली गोष्ट आपणच सांगावी, म्हणून लिहितो.

आता सोलापुराकडे येऊ. व्हालजाँचा पिवळा दाखला पाहायला आपल्याला तुलाँच्या बंदीगृहापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याच शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. हे नाव आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याचा अर्थ विचारायचे सुचत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्याने गुन्हा करणाऱ्याला नव्हे, जन्म घेणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींची नोंद झाली. बोटांचे ठसे घेतले गेले. हजेरी सक्तीची झाली. परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकणे हाच गुन्हा झाला. मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या शाळांत ठेवण्याची तरतूदही त्यात होती. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड अशीच माणसे राहिली, आणि ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर वाढले त्यांत राबली. व्हालजाँने निदान भाकरी तरी चोरली होती. या मुलांनी काय चोरले होते?

आणखी एक गोष्ट आपण ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी विसरू नये. देशात ठिकठिकाणी अशा वसाहती चालविण्याचे काम सरकारने मिशनांकडे आणि सॅल्व्हेशन आर्मीकडे सोपविले होते. हेतू सुधारणेचा होता. शाळा, दवाखाने, उद्योग उभे राहिले, हेही खरे. पण हजेरीची वही आणि शुभवर्तमान एकाच हातात असले, तर समोरच्या माणसाला त्या हाताचे काय वाटत असेल? बिशपांच्या दाराला कडी नव्हती. इथे कुंपण होते आणि कुंपणाच्या दारी आपणच उभे होतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. सेटलमेंटच्या वस्तीच्या नावापुढे 'फ्री कॉलनी' हे शब्द लागले. एखाद्या वस्तीला आपण मुक्त आहोत हे पाटीवर लिहून सांगावे लागावे, यातच सारे आले. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांविषयीचे जुने शब्द इतके टिकून होते की ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते घटनाबाह्य ठरवावे लागले. कागदावरचा पिवळा रंग असा हळूहळू उडतो. मनावरचा?

येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

त्या शुक्रवारी, डोळे पुसून झाल्यावर, आम्ही आवराआवर करू लागलो. प्रोजेक्टरची वायर सापडेना. वस्तू उसनी आणलेली, सारेच अस्वस्थ झाले. खुर्च्या उचलायला मांडववाल्याचा एक मुलगा आला होता. अठराएक वर्षांचा, अबोल. तो टेंपो भरून नुकताच निघून गेला होता. कोणीतरी विचारले, "तो मुलगा कुठला?" आणि मी म्हणालो, "सेटलमेंटमधला. आणखी काय सांगायला हवे?"

एवढेच. कोणी मला अडविले नाही. कोणाला नवल वाटले नाही. मांडववाल्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी वायर सापडली, ती माझ्याच पिशवीत. उपवासकाळाचा कापडी फलक मी घाईने गुंडाळला होता, तीही त्यात गुंडाळली गेली होती.

वायर परत गेली, पण तो मुलगा परत आला नाही. मांडववाल्याने नसती कटकट नको म्हणून त्याला कामावरून काढले होते. पत्ता विचारीत मी त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याची आई दारात उभी राहिली. मी नमस्कार केला, झाली चूक सांगितली, क्षमा मागितली. तिने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "दादा, चौकीत नाव तर नाही ना दिलं?" नाही, म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते मला कोणत्याही शिव्याशापांहून अधिक लागले. अन्याय झाला याचे तिला दुःख नव्हते. तो नेहमीचाच होता. नाव लागले नाही, यातच तिचा आनंद होता.

घरी आल्यावर मी कादंबरी पुन्हा उघडली. बिशपांचा निरोप घेतल्यानंतर व्हालजाँ काय करतो हे अनेकांना आठवत नाही, कारण आम्ही पाहिलेल्या चित्रपटात तो प्रसंग नाही. चांदी आणि क्षमा पदरात घेऊन तो माळावर येतो, आणि तिथे एका लहान मुलाच्या हातून घरंगळलेल्या नाण्यावर पाय ठेवतो. मुलगा रडतो, विनवतो. हा हलत नाही. इतक्या मोठ्या कृपेनंतर लगेच इतकी क्षुद्र चोरी! मुलगा निघून गेल्यावर मात्र तो भानावर येतो, त्याला हाका मारीत धावतो, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच रडतो. ह्यूगोला ठाऊक होते की कृपा मिळणे आणि माणूस पालटणे यांच्यामध्ये एक माळरान असते. सभागृहात बसून मी जे अश्रू ढाळले ते अलीकडचे होते. त्या मुलाच्या आईच्या दारातून परतताना जे आले ते पलीकडचे.

जाव्हेरविषयी ह्यूगोने लिहिलेली एक बारीकशी गोष्टही तेव्हाच नजरेत भरली. त्याचा जन्म तुरुंगात झालेला असतो. आई भविष्य सांगणारी, बाप वेठबिगारीचा कैदी. ज्या भटक्या लोकांतून आपण आलो त्यांच्याविषयीच त्याला विलक्षण तिटकारा असतो. आपणही कोणी चारदोन पिढ्यांपूर्वी गावकुसाबाहेरून आलो; प्रभूच्या घरात आपल्याला माणूस म्हणून जागा मिळाली. त्या दारातून आत आल्यावर ते मागच्यासाठी लोटून घेणे, हाच जाव्हेरचा रोग.

ह्यूगोची ही कादंबरी मराठीत आणली साने गुरुजींनी. मूळ फ्रेंच नावात अभागी आणि अधम असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. गुरुजींनी त्यातून एक शब्द निवडला, 'दुःखी'. रूपांतर म्हणजे काय हे त्या एका निवडीतून कळते. समाज ज्यांना दुष्ट म्हणतो त्यांना त्यांनी दुःखी म्हटले. आणि मे १९४७ मध्ये हेच गुरुजी आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणास बसले. ते दार उघडले. बिशप मिरिएल यांच्या उघड्या दाराचे याहून खरे चित्रीकरण मला ठाऊक नाही.

बाईंना मी माझे उत्तर पुढच्या रविवारी मिस्सानंतर सांगितले. बिशप खोटे बोलले नाहीत. शमादाने त्यांची नव्हतीच. बाईंनी मान हलविली आणि विचारले, "मग त्या मुलाच्या कामाचे काय झाले?"

मी मांडववाल्याकडे तीन वेळा गेलो आहे. मुलगा आता दुसरीकडे हमाली करतो, असे कळले. मी अद्याप त्याला भेटलेलो नाही. आमच्या सभागृहाला रखवालदार हवा आहे. पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत मी त्याचे नाव सुचविणार आहे. तो कुठे राहतो, असे कोणीतरी विचारील. त्या वेळी मी काय उत्तर देतो, यावर त्या शुक्रवारी मी चित्रपट खरोखर पाहिला की नाही, हे ठरेल.